चाळीस खुर्च्यांचं लग्न

४ मार्च

ताई,

वर नमस्कार लिहिला आहे असं समज. नऊ वर्षांनी पत्र लिहायचं तर मायना काय घालावा ते सुचत नाही, आणि काहीही घातला तरी तू त्यात खोट काढशील, म्हणून तो भागच सोडून देते. फोन करणार नव्हते. फोनवर तुझं "हॅलो" ऐकलं की पुढचं मला काही नीट बोलता येणार नाही.

कारण एवढंच की मुलाचं लग्न ठरलं. पंचवीस एप्रिल, शनिवार. सकाळी नोंदणी कचेरीत सह्या आणि दुपारी जेवण. मुलगी हिशेबनीस आहे, एका औषधांच्या कंपनीत. दिसायला नीटस, बोलायला कमी, आणि बोलली तर आकड्यांत बोलते. मुलगा तुला आठवतो तसा राहिला नाही, चांगला उंच झालाय आणि लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला आहे. दोघांनी आपलं आपण जमवलं, खर्चही आपला आपणच करणार आहेत. माझ्याकडे दमडी मागितली नाही. मी फक्त दोघांचे कपडे शिवतेय.

लग्न अगदी लहान आहे. जेवण एका खानावळीच्या माडीवर. जिना उभा आणि अरुंद, कठडा एकाच बाजूला. तुझे गुडघे तेव्हाच कुरकुरायचे, आता काही तरुण झाले नसतील. एप्रिलमध्ये इथे उकाड्याने जीव नकोसा होतो. तुमच्या गावाहून प्रवास म्हणजे एक रात्र गाडीत आणि दुसरा दिवस अंग चेपण्यात. माझ्याकडे उतरायची सोय नाही. हल्ली मी दीड खोलीत राहते आणि त्यातली अर्धी शिलाई मशीनने घेतली आहे. जवळचं लॉज महाग आहे आणि ढेकणांसाठी नावाजलेलं आहे.

तरी तू आणि भाऊजी, दोघांनी यावं ही विनंती.

मुलाला एकच मावशी, तिला कळवलंसुद्धा नाही, असं उद्या कुणी म्हणायला नको. कळवलं. नाही जमलं तर मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही.

तुझी धाकटी बहीण


१६ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "आम्ही येतो. ह्यांना आता एकटं ठेवता येत नाही, म्हणून बरोबर आणते. जिन्याची काळजी करू नकोस." बस, एवढंच. नऊ वर्षांनी बहिणीला लिहायला तुला तेवढीच शाई मिळाली.

आणि भाऊजींना एकटं ठेवता येत नाही म्हणजे काय? कधी ठेवलं होतंस? पाण्याचा पेला हातात आल्याशिवाय त्या माणसाला तहान लागत नसे. यात नवं काय सांगितलंस?

असो. येणारच म्हणतेस तर इथली परिस्थिती तुला ठाऊक असलेली बरी. मी अडवत नाही, नुसती माहिती देते.

खानावळवाल्याच्या माडीवर चाळीस खुर्च्या आहेत. एकेचाळिसावा माणूस आला तर तो एक खुर्ची वाढवत नाही, पलीकडचा मोठा हॉल उघडतो आणि त्याचं भाडं लावतो. म्हणजे एकेचाळिसावा पाहुणा एका ताटाला पडत नाही, अख्ख्या हॉलाला पडतो. मी त्याच्याशी खूप घासाघीस केली. घरून दोन स्टुलं आणते म्हटलं. तो म्हणाला, बाई, फायर ब्रिगेडवाले येऊन खुर्च्या मोजून जातात, तुमच्या स्टुलापायी माझं दुकान बंद व्हायचं. मग त्याला ताटाच्या भावावर आणलं. गोडाचे दोन प्रकार होते, त्यातला एक काढला. टेबलांवरची फुलं काढली. फोटोवाल्याला दिवसभराऐवजी जेवणापुरता बोलावला. पत्रिका छापल्याच नाहीत.

हे सगळं कशासाठी, तर घरासाठी. दोघांनी दोन खोल्यांचं घर बघून ठेवलंय, खिडकीत उजेड आहे, नळाला पाणी आहे. मालक एक मेपर्यंत थांबतो म्हणाला. तोवर अनामत भरली नाही तर घर दुसऱ्याला जाईल. या शहरात तसं भाड्याचं घर त्यांना पुन्हा परवडेल असं नाही. लग्नाचा खर्च ठरल्याप्रमाणे झाला तर अनामत भरून हातात काहीही उरत नाही. दुसरा हॉल घेतला तर अनामत अपुरी पडते. मग लग्न झालेला मुलगा माझ्या मशीनशेजारी झोपणार आणि सून तिच्या मैत्रिणींच्या खोलीत. दोघांनी चार वर्षं साठवलंय, ताई. सिनेमाला गेली नाहीत.

चाळिसातले आठ माझे. मी म्हटलं, आईला आठच? तर चिरंजीव म्हणाले, "आई, लिफ्टमध्ये आठ माणसं लिहिलेलं असतं. नववा चढला की दार लागत नाही. मग तो नववा कितीही जवळचा असू दे." त्याच्या धंद्याचं ज्ञान आता मला ऐकावं लागतं.

माझे आठ असे. दीर आणि जाऊ. कारखान्याच्या मालकीणबाई आणि त्यांचे यजमान. माझं पोट त्यांच्या हातात, त्यांना वगळून चालत नाही. शेजारच्या आजी आणि त्यांची लेक; मी कामावर असताना मुलगा त्यांच्याकडेच वाढला. कारखान्यातले कटिंगवाले काका आणि काजं करणारी माझी मैत्रीण. झाले आठ.

तू शाळेत गणितात पहिली यायचीस. पुढचं मी सांगायला नको. तिकीट काढलं नसशील तर घाई करू नकोस, एवढंच म्हणते.

तुझी बहीण


२८ मार्च

ताई,

तिकिटं काढली म्हणून कळवलंस. स्वस्तातली, परत न होणारी. तू कधीपासून स्वस्तातली तिकिटं काढायला लागलीस?

आता सरळ लिहिते. येऊ नका.

तुझं कार्ड मशीनच्या खणात होतं, मुलाने कात्री शोधताना वाचलं. जेवायला बसल्यावर म्हणाला, हे दोघं कोणाच्या खुर्चीवर बसणार आहेत? मी म्हटलं, बघू, काहीतरी करू. तो म्हणाला, "काहीतरी म्हणजे आमचं घर ना?" आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. रविवारपर्यंत मी तुला सांगितलं नाही तर तो स्वतः फोन करून सांगणार आहे. ज्या मावशीने त्याला चालायला शिकवलं तिच्याशी तो इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलणार, आणि बोलणार ते "येऊ नका". ते मला नकोय. म्हणून मीच लिहिते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुलगी कारखान्यात आली. माझ्यासमोर कोटांच्या गठ्ठ्यावर बसली. मला वाटलं ही आता आकडे मांडणार. तिने मांडले नाहीत. तिने विचारलं, "आई, तुम्ही मावशींना बोलावलंत ते त्यांनी यावं म्हणून, की त्या येणार नाहीत म्हणून?"

मी बॉबिन बदलत बसले. ती भरलेलीच होती.

तुला उत्तर देते, तिला दिलं नाही. येणार नाहीस म्हणून बोलावलं. तुम्ही दोघं, मुलाचे जुने मास्तर, बंदरावरचा मामेभाऊ आणि त्याची बायको, अशा पाच जणांना मी मुद्दाम न येण्यासाठी बोलावलं. आमंत्रण गेल्याचं समाधान आणि खुर्ची एकही नाही, सुंठीवाचून खोकला गेला असं वाटलं होतं. तिघांनी रीत पाळली. मास्तरांनी आशीर्वाद कळवले, मामेभावाने कंबर धरल्याचं कळवलं. माझं पहिलं पत्र पुन्हा वाच. त्यात जिना आहे, उकाडा आहे, ढेकूण आहेत. त्यात बोलावणं किती आहे? तुला ते कळलं नाही असं मला सांगू नकोस. तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. तुला कळलं आणि तरी तू हो म्हणालीस. मला पेचात धरायला म्हणालीस, असं मी समजते.

तुझ्या लेकीच्या लग्नात बाराशे माणसं होती. मांडवात काय नव्हतं? आणि हे जेवायला बसले होते, ताट वाढलेलं होतं, पहिला घास हातात होता. भाऊजी आले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही घरचेच आहात, नंतर बसा. मुलाकडची मंडळी खोळंबलीत." हे उठले. घास ताटात ठेवला आणि हात धुतले. नंतर बसायला गेलो तेव्हा भांडी पालथी पडली होती. स्टेशनवर बिस्किटांचा पुडा घेतला, तोही ह्यांनी मलाच खायला लावला. भाऊजींविरुद्ध एक शब्द काढला नाही. काढले ते मी, आणि तू ते ऐकलेस. पुढच्या वर्षी हे गेले, तेव्हा तुम्ही आलात आणि मी दार उघडलं नाही. ते अजूनही मला चुकीचं वाटत नाही.

तू तेव्हा तिथेच उभी होतीस, ताई. हातात पाण्याची झारी होती. तू बघितलंस आणि पुढच्या टेबलाकडे गेलीस.

मी तुम्हाला निदान भरल्या ताटावरून उठवत नाही. महिनाभर आधी सांगते आहे. तिकिटांचे पैसे पाठवेन. राग आला तर येऊ दे. तुम्ही मात्र येऊ नका.


९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र कारखान्याच्या पत्त्यावर आलं. पाकीट जाड होतं. मला वाटलं शिव्या असणार, म्हणून दुपारपर्यंत फोडलं नाही. मग कोटांच्या कॉलर शिवता शिवता एकेक पान वाचलं. त्या दिवशीच्या तीन कॉलर मला उसवाव्या लागल्या.

तुझं लिहिणं मी माझ्या शब्दांत पुन्हा लिहून बघते, म्हणजे मला नीट समजलंय की नाही ते कळेल. भाऊजींचं डोकं दोन वर्षांपासून काम देत नाही. लेकीचं नाव आठवत नाही. तुला "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" असं विचारतात. औषधांत बरंच गेलं, म्हणून स्वस्तातली तिकिटं. आणि पुढ्यात ताट आलं की उभे राहतात. म्हणतात, साडूभाऊ जेवले का? मी त्यांना उठवलंय. त्यांच्या डोक्यात ते लग्न अजून संपलेलंच नाही. तू सांगतेस, जेवले. तर म्हणतात, तुला काय माहीत, तू पुढे निघून गेलीस. बारकीला विचार. बारकी सांगेल. तू लेकीला फोनवर माझा आवाज काढायला लावलास, तेही त्यांनी ओळखलं. दोन घास खातात, पुन्हा उठून दाराकडे बघतात. वजन उतरत चाललंय.

आणि तू लिहितेस, "तुझं बोलावणं तोंडदेखलं आहे हे पहिल्या ओळीतच कळलं होतं. पण मी आपणहून येऊ का म्हणून विचारलं असतं तर तू दार उघडलं नसतंस. तोंडदेखलं तर तोंडदेखलं, दार तर दिसलं."

खरं सांगू? वाचल्यावर मला आधी आनंद झाला. बरं झालं, असं मनात आलं. माणूस सगळं विसरला आणि नेमकं तेवढंच विसरता येत नाही, भोगा म्हणावं. मशीन थांबवून मी तो आनंद भोगला. मग मला भाऊजी ताटावरून उठलेले दिसायला लागले, हडकलेले, दाराकडे बघणारे, आणि माझी मलाच लाज वाटली. ह्यांना ते बघवलं नसतं. हे म्हणाले असते, अगं सांगून टाक ना त्याला, काय जातंय आपलं.

तुला उत्तर लिहायला बसले. सोपं होतं. लग्न शनिवारी, तुम्ही रविवारी या. खुर्चीचा प्रश्न नाही, हॉलाचा नाही, मुलाच्या घराला धक्का नाही. मी घरी साग्रसंगीत जेवण करते, भाऊजींना बसवते, त्यांना हवं ते सांगते. किती शहाणपणाचा तोडगा. मी लिहिलं, "तुम्ही घरचेच आहात, नंतर या."

ते लिहिलं आणि वाचलं. ते पान फाडलं.

मुलाला अजून काही सांगितलेलं नाही. तो समजतो मी तुम्हाला नको म्हणून कळवलं, प्रश्न मिटला. खानावळवाल्याला सोळा तारखेला पक्का आकडा द्यायचा आहे. चाळीस म्हणजे चाळीस, त्याला तर तुमची गोष्ट सांगूनही उपयोग नाही. माझीच खुर्ची द्यावी असं मनात आलं, पण ती एकच आहे, आणि मुलाच्या सह्यांना आई हजर आणि जेवणाला गैरहजर, हे त्याला मी काय म्हणून सांगू? माझ्या आठांतले दोन कमी करायला हवेत. कोणते, ते कळत नाही.

तिकिटं फाडू नकोस. आज यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

बारकी


१७ एप्रिल

ताई,

हे कुरिअरने पाठवते आहे, कारण साध्या पत्राच्या भरवशावर राहायला आता वेळ नाही.

आधी आजींकडे गेले होते. दारातच घुटमळले. त्यांनी चेहरा बघून ओळखलं. म्हणाल्या, खुर्च्या कमी पडतायत का गं? आम्ही दोघी नाही आलो तरी चालेल, मी काय परकी आहे? मैत्रिणीकडे गेले, तिचंही तेच. जाऊसुद्धा, एरवी माझ्याशी धड बोलत नाही, तीही म्हणाली, अडचण असेल तर सांगा, आपल्यात काय आहे. ज्याला ज्याला विचारावं तो हसून उठायला तयार. आणि तसा माणूस दिसला की माझा हात आपोआप त्याच्याच खांद्याकडे जात होता. भाऊजींचा तसाच गेला असणार. मी त्यांना माफ केलं असं समजू नकोस. पण ते कसं होतं ते मला कळलं.

आठांत दोनच माणसं अशी होती ज्यांना विचारायची मला भीती वाटत होती. म्हणून त्यांनाच विचारलं.

मालकीणबाई हिशेबाच्या टेबलाशी होत्या. त्यांच्यासमोर मी बावीस वर्षांत कधी खुर्चीवर बसले नव्हते. परवा बसले. म्हटलं, बाई, पंचवीस तारखेच्या जेवणाला तुम्हाला आणि साहेबांना बोलावलंय, ते बोलावणं मी परत घेते. जागा मोजकी आहे आणि माझी बहीण येतेय.

त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "ही तीच ना, जिचं नाव काढलं तरी तुम्ही तोंड फिरवता?"

"हो."

"आणि तिच्यासाठी मला उठवताय."

"बाई, तुम्हाला दुसरीकडे शंभर ताटं वाढलेली आहेत. त्यांना एवढं एकच आहे."

त्यांनी चष्मा घातला आणि मला जायला सांगितलं. काल सकाळी गेले तर माझ्या मशीनवर नवी मुलगी बसली होती. इस्पितळाच्या कोटांच्या कॉलर आता ती शिवणार. मी काजांवर. काजांना नगामागे कॉलरच्या निम्मे पैसे मिळतात. काढून टाकलं नाही हे त्यांचे उपकारच, असं कटिंगवाले काका म्हणाले. मैत्रीण म्हणाली, चला, आता दिवसभर गप्पा तरी होतील. मी हसले, पण माझ्या कॉलरसारखी कॉलर त्या कारखान्यात कुणाची बसत नाही आणि नवीचं टोक वाकडं येतंय हे मला लांबूनही दिसत होतं. वाईट वाटलं. खूप वाटलं. ते तुझ्यापासून लपवत नाही, कारण माझं काही गेलं नाही असा आव आणला तर ते पुन्हा तोंडदेखलंच होईल.

संध्याकाळी मुलाला सगळं सांगितलं, भाऊजींचंसुद्धा. त्याला बापाच्या त्या उपासाची गोष्ट पाठ आहे, माझ्याच तोंडून शंभरदा ऐकलेली. त्याने हातातला पाना पिशवीत टाकला. मग म्हणाला, कामाचं आधी मला का नाही सांगितलंस? मी म्हटलं, तू नको म्हणाला असतास. म्हणाला, हो, म्हणालो असतो. मुलगी तिथेच होती. तिने फोन काढून दोन नावं खोडली आणि तुमची दोन घातली. "चाळीसच," म्हणाली. मग जाता जाता माझ्या कानाशी म्हणाली, आई, तुमचे काजांमुळे जे कमी येतील ते पहिले सहा महिने मी बसवते कुठेतरी. हिशेबनीस सून असली म्हणजे काय ते मला काल कळलं. आज सकाळी खानावळवाल्याला आकडा कळवला. एक दिवस उशीर केल्याबद्दल त्याने मला ऐकवलं आणि मी ऐकून घेतलं.

म्हणून आता बोलावते. ये. भाऊजींना घेऊन ये.

गाडी पोचेल तेव्हा मुलगा स्टेशनवर असेल. तुला तो ओळखू येणार नाही, पण चाल ह्यांच्यासारखीच आहे, त्यावरून ओळख. लॉजचा विचार करू नकोस, ढेकूण खरे आहेत. माझं मशीन दोन दिवस आजींकडे राहील आणि त्या जागी तुमचा बिछाना होईल. जिना खरोखर उभा आहे, तेवढं मी खोटं लिहिलं नव्हतं. मुलगा म्हणतो, काकांना मी आणि माझा कामावरचा जोडीदार खुर्चीत बसवून वर नेतो, लिफ्ट बंद पडली की आम्ही तेच करतो. भाऊजींना गर्दीची भीती वाटत असेल तर सह्यांना आणू नकोस, थेट जेवणाला आण. त्यांना मऊ काय लागतं ते कळव, खानावळवाल्याला सांगून ठेवते, त्याचे तो पैसे लावणार नाही, मी विचारलंय.

तुम्ही माझ्या टेबलावर आहात. भाऊजी माझ्या शेजारी. ताट आलं की ते उभे राहतील हे मी धरून चालले आहे. तू त्यांना खाली ओढू नकोस, "जेवले" म्हणू नकोस, काहीच करू नकोस. त्यांना विचारू दे. मला विचारू दे. लोकांनी बघितलं तर बघू दे.

नऊ वर्षं मी भेटेल त्याला सांगत आले की माझा नवरा तुमच्या दारातून उपाशी उठला. ते खरंच आहे, आणि त्या खऱ्यावर मी इतकी वर्षं काढली. पण भाऊजींना मी सांगेन, हो, जेवले. नंतर निवांत बसले, पोटभर जेवले, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तुमच्यावर रागावले नाहीत. आता तुम्ही बसा.

हे मी हसून सांगायचं ठरवलंय. चार दिवस सराव करतेय, मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. तेवढ्यापुरती तू माझ्याकडे बघू नकोस, ताई. तू बघितलंस तर मला जमायचं नाही.

बारकी